रणाच्या वाटेवर मावठं

दिवाळी अंकाच्या गडबडीनंतर या महिन्यात सावकाश काहीतरी लिहावं, रणातल्या पौर्णिमेबद्दल लिहावं, असं ठरवलं होतं. संपादकांना तसा शब्दही दिला होता. तर रण थोडंफार पाहिलं, पौर्णिमा ढगांआडून पाहिली, आणि लिहायला मात्र भलतंच मिळालं.

२६ नोव्हेंबर, रविवार. पहाटे पाचला आमच्या सोसायटीच्या आवारात गाडी भरणं चालू होतं. मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात शुक्रवारी पुण्याहून आले होते. येताना मुलाने दोन तंबू आणले होते. पिशवीतून काढायचे, दांड्या जोडायच्या, पाच मिनिटांत घर उभं! दिवाणखान्यात सोफा सरकवून आदल्या रात्री त्याने ते उभारूनही दाखवले होते. पाच मिनिटांऐवजी पंचवीस लागली, पण उभे राहिले. बेत असा होता की पहिली रात्र छोट्या रणाच्या काठी, दसाड्याजवळ, यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या शेतात आपल्याच तंबूत काढायची. त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. दुसऱ्या दिवशी ध्रांगध्रा, हळवद, माळिया, सूरजबारीचा पूल करत भुज आणि तिथून धोरडोचं पांढरं रण. ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने धोरडोला जगातल्या उत्तम पर्यटन-गावांच्या यादीत घेतलं. तेव्हापासून बडोद्यात जो भेटेल तो धोरडोला जाऊन आलेला तरी असतो किंवा निघालेला तरी. आम्हीच राहिलो होतो. पुढाकार माझा होता हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला दोषी शोधत बसावं लागणार नाही.

डिकीत शेवटची पिशवी ठेवली आणि गाडीच्या टपावर टप्-टप् आवाज आला.

"दव असेल," मी म्हटलं.

"दव असं पडत नाही," हे म्हणाले.

गुजरातीत या पावसाला 'मावठुं' म्हणतात. आपण मराठीत अवकाळी म्हणतो, पण बडोद्याच्या मराठी घरांत 'मावठं' हाच शब्द रुळलाय. माझ्या सासूबाई तर मावठं आलं की गच्चीवरच्या वाळवणाकडे धावता धावता त्याला माणसासारख्या शिव्या द्यायच्या. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी थंड हवेची लाट आणि अरबी समुद्रावरची दमट हवा यांची गाठ पडली की हा पाऊस येतो. विजा आणि गारा सोबत घेऊनच येतो, म्हणून थोडा असला तरी वाईट. आणि तो अचानक आला असंही नाही. हवामान खात्याने त्या दोन-तीन दिवसांचा इशारा आधीच दिला होता. आम्ही तो पाहिला नव्हता. किंवा खरं सांगायचं तर मी फोनवर फक्त किमान तापमान पाहिलं होतं, स्वेटर किती घ्यायचे ते ठरवायला. पावसाच्या खुणेवरून माझी नजर नोव्हेंबर आहे म्हणून सरळ पुढे गेली होती.

आवारात छोटीशी सभा झाली. यांचं मत, दोन तास थांबून बघू. मुलाचं मत, सुट्टी तीनच दिवसांची आहे, आणि बुकिंगचे पैसे परत मिळणार नाहीत. सून म्हणाली, "आई, तुम्ही म्हणाल तसं." हे वाक्य ऐकायला मान दिल्यासारखं वाटतं, पण निर्णयाची जबाबदारी अलगद आपल्या पदरात येऊन पडते. नात गाडीत बसून लिलो चिवडा खायला लागली होती. मी म्हटलं, "निघू या. वाळवंटात कुठला पाऊस!"

अहमदाबादपर्यंतचा एक्स्प्रेस-वे ९३ किलोमीटरचा. एरवी तो आम्ही गप्पांत संपवतो. त्या दिवशी नडियाद यायच्या आतच वायपर पूर्ण वेगात चालू होते आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मुलगा गाडी चालवत होता. यांनी एकदाही "हळू" म्हटलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं की हे गप्प बसले की काळजीत असतात.

साणंद ओलांडून विरमगामच्या अलीकडे चहाला थांबलो. पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सात माणसं एका फोनभोवती जमली होती. राजकोटकडच्या रस्त्याचा व्हिडिओ होता. डांबरी रस्ता गारांनी पांढराशुभ्र झालेला, माणसं गाडीतून उतरून मुठीत गारा उचलताहेत. नातीने डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आजी, हेच का ते पांढरं रण?" सगळे हसले. त्यातला एक म्हातारा मात्र हसला नाही. त्याचा कापूस शेतात फुटलेला होता, वेचणीला आलेला. फुटलेलं बोंड भिजलं की कापूस काळवंडतो, त्याला भाव येत नाही. जिरं तर नुकतंच पेरलेलं. तो आम्हाला एवढंच म्हणाला की फिरायला निघालात ते ठीक, पण संध्याकाळी मोकळ्यावर राहू नका. आम्ही हो हो म्हटलं. टपावर बांधलेल्या तंबूंच्या पिशव्या त्याला दिसल्या असाव्यात.

विरमगामनंतर जमीन बदलते. डोंगर नाही, टेकडी नाही, झाडं म्हणाल तर गांडो बावळ, त्याचीही खुजी झुडपं. एरवी हा सपाटपणा मला फार आवडतो, केवढं आभाळ दिसतं! त्या दिवशी तेच आभाळ पश्चिमेकडे जांभळं-काळं झालं होतं आणि त्यात खाली उतरणाऱ्या विजा मुळापासून शेंड्यापर्यंत दिसत होत्या. मुंबई-पुण्यात वीज इमारतींच्या मागे कुठेतरी चमकते. इथे ती जमिनीला टेकलेली दिसते, आणि आसपास तिच्यासाठी उंच असं काही नसतं. आपल्या गाडीखेरीज.

बाराच्या सुमाराला दसाड्याला पोचलो. यांचे सहकारी, नात त्यांना दादाजी म्हणते, छत्री घेऊन फाटकाशीच उभे होते. ते नोकरीतून निवृत्त झाल्यावर बडोद्याचं घर मुलाला देऊन वडिलोपार्जित शेतीवर परतले. पहिलंच वाक्य, "भाभी, मावठुं छे. आजे रणमां कोई नहीं जाय." आज रणात कोणी जाणार नाही. मुलाने विचारलं, जीप आहे ना तुमची? फोर-व्हील आहे ना? दादाजी त्याला हाताला धरून शेताच्या टोकाला, जिथे रणाची जमीन सुरू होते तिथे घेऊन गेले. मीही मागून गेले. जमीन वरून नुसती ओलसर दिसत होती, चिखलसुद्धा म्हणता येणार नाही. त्यांनी काठी टेकवली आणि हलकेच दाबली. काठी वीतभर आत गेली, काही जोर न लावता.

छोटं रण म्हणजे वाळूचं वाळवंट नव्हे. राजस्थानातलं वाळवंट डोक्यात ठेवून आपण येतो आणि तिथेच फसतो. वाळूत पाऊस पडला तर पाणी झिरपून जातं, उलट चालायला बरं पडतं. रण हा समुद्राचा जुना तळ आहे. दर पावसाळ्यात एकीकडून बनास, रूपेण, सरस्वती या नद्या त्यात पाणी आणून सोडतात आणि दुसरीकडून सूरजबारीच्या खाडीतून कच्छच्या आखाताचं खारं पाणी आत शिरतं. चार महिने इथे उथळ समुद्रच असतो, मधली उंचवट्याची 'बेटं' तेवढी कोरडी राहतात आणि घुडखर, म्हणजे रानगाढवं, त्यांच्यावर आसरा घेतात. पाणी आटलं की उरते ती बारीक, खारट, चिकट माती. ऊन लागून तिच्यावर पापुद्रा धरतो आणि मग त्यावरून जीप ऐंशीच्या वेगानेही जाते. पण पापुद्रा भिजला की खाली लोणी. शिवाय सगळं सपाट असल्याने पाण्याला वाहून जायला उतार नाही. जिथे पडलं तिथेच ते बसून राहतं. दादाजी म्हणाले, एकदा अडकलेली जीप काढायला ट्रॅक्टर नेला, मग ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर, आणि दोन्ही ट्रॅक्टर आठवडाभर तिथेच राहिले.

धोरडोला फोन लावून पाहिला. वेगळं काही उत्तर मिळेल अशी अपेक्षा नव्हतीच. तिथलं पांढरं रण म्हणजे पाणी आटून उरलेला मिठाचा थर, त्यावर पाऊस पडला तर मीठ विरघळून राळा होतो. ते मोठं रण, हे छोटं, पण गणित तेच.

इथवर सगळे शहाण्यासारखे वागले. खरी गंमत, गंमत कसली, दुपारी तीननंतर झाली. पाऊस थांबला, ऊनही पडलं. मुलाने ठरवलं की रणात नाही तर नाही, तंबू शेतात तरी लावायचेच. एवढे पुण्याहून आणले. घराच्या मागे उघडं रान होतं, तिथे त्याने आणि नातीने तंबू उभारले. या वेळी खरंच दहा मिनिटांत झालं. आत सतरंज्या, उशा, टॉर्च. नात आत बसून चित्रं काढायला लागली. मला बरं वाटलं, बेत माझा होता ना. मी चहाही तिकडेच नेला.

साडेचारला पश्चिमेकडे पुन्हा गुरगुर सुरू झाली. हे ओट्यावरून उठले आणि म्हणाले, "बाहेर या दोघं."

"बाबा, लांब आहे ते," मुलगा आतूनच म्हणाला. "आणि तंबू वॉटरप्रूफ आहे."

"पाण्याचं नाही म्हणत मी."

मुलाचा आवाज चढला. सुट्टी, पैसे, दर वेळी तुमचं हे असंच, लहानपणी पावागडलासुद्धा... असं बरंच निघालं. पावागडचं काय ते मला अजून माहीत नाही. यांनी वाद घातला नाही. त्यांनी नातीला हाक मारली आणि म्हणाले, "वीज चमकली की आकडे मोजायला लाग, गडगडाट ऐकू येईपर्यंत. मग तीनने भाग. तेवढे किलोमीटर."

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. शाळेत सगळेच शिकलोय. नात मोजायला लागली. पहिली चोवीस. "आठ किलोमीटर!" तिला मजा वाटत होती. दुसरी एकोणीस. मग पंधरा. मुलगा तंबूच्या दाराशी येऊन बसला. तो काही बोलत नव्हता, पण त्याचेही ओठ हलत होते. मग एक लखलखाट झाला आणि नातीने एक, दोन, तीन, चार म्हटलं, आणि पाच म्हणायच्या आत असा कडकडाट झाला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. मुलगा नातीला काखोटीला मारून अनवाणी घरात धावत आला. मागून तंबूचं दार उघडंच राहिलं, उशा भिजल्या.

नंतर यांनी तिला नीट समजावलं, आणि तिच्या नावाने आम्हा सगळ्यांना. मोजलेला आकडा तीसच्या आत आला की वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हाच पक्क्या छताखाली जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. उघड्या रानातला तंबू म्हणजे आसपासची सर्वांत उंच वस्तू, त्यातून दांड्या धातूच्या, आणि कापड विजेला काहीच अडवत नाही. घर जवळ नसेल तर काचा बंद करून गाडीत बसायचं. वीज गाडीच्या पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. ते टायरमुळे होत नाही, पत्र्यामुळे होतं, हे मलाही तेव्हाच कळलं. झाडाखाली मात्र कधीच नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, आपल्या आसपास कुठे वीज पडतेय ते दाखवतं. मुलाने ते तिथेच फोनवर घेतलं. त्याच्या घरापासून ती संस्था चार किलोमीटरवर आहे, आणि ॲप मिळालं दसाड्याला.

रात्री बातम्या आल्या. त्या एका दिवसात गुजरातेत वीज पडून वीसहून जास्त माणसं गेली होती. बहुतेक शेतात काम करणारी, गुरं राखणारी. टीव्ही बंद केल्यावर मुलगा यांच्या शेजारी जाऊन बसला. काय बोलले माहीत नाही. मी स्वयंपाकघरात होते. दादाजींच्या पत्नीने बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि कढी केली होती.

त्रिपुरवात मी बडोद्याहून नेली होती. रणात तंबूसमोर लावायची म्हणून. ती ओट्यावरच लावली, वारा अडवायला आजूबाजूला तीन पाट उभे करून. चंद्र ढगांतून मधूनच निघे, आणि तेवढ्यात समोरची ओली जमीन लांबपर्यंत चकाके. तेव्हाच फाटकाशी एक मोटारसायकल आली. एक तरुण मुलगा, गुडघ्यापर्यंत चिखलात. दादाजींच्या ओळखीतल्या अगरिया कुटुंबातला. तो सकाळी गावात किराणा न्यायला आला होता आणि आता परत आत जाता येत नव्हतं. आई, वडील, बायको आणि लहान मूल आत, रणात. फोन लागत नव्हता. मोटारसायकल ठेवून पहाटे चालत जाणार होता.

अगरिया म्हणजे मिठागरांवर काम करणारे लोक. पाणी आटलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात ही कुटुंबं रणात राहायला जातात ती एप्रिल-मेपर्यंत. गोणपाट आणि प्लॅस्टिकच्या झोपड्या. पिण्याचं पाणी टँकरने. विहीर खणून जमिनीखालचं खारं पाणी उपसतात, ते समुद्राच्या पाण्यापेक्षाही कितीतरी खारट असतं. एकातून दुसऱ्या आगरात फिरवत उन्हात आटवतात. मिठाचे खडे धरायला महिने लागतात. पूर्वी उपशाला डिझेलचं इंजिन असे आणि कमाईचा मोठा भाग डिझेलमध्येच जाई. अलीकडे सरकारी अनुदानावर सोलर पंप आलेत. देशातलं तीन चतुर्थांश मीठ गुजरातेत होतं, त्यात या लोकांचाही मोठा वाटा.

मी त्याला विचारलं, पावसाने मीठ वाहून गेलं का? तो म्हणाला, मीठ अजून धरलंच कुठे आहे. आत्ता आगरं तयार करायचे दिवस. घरातली सगळी माणसं पायांनी माती तुडवून तुडवून तळ घट्ट करतात, पाणी खाली जिरू नये म्हणून. दीड महिना तुडवलेलं होतं. पावसाने तळ मऊ झाला आणि साठवलेलं खारं पाणी गोडं झालं. म्हणजे पाणी सोडून द्यायचं, तळ वाळू द्यायचा आणि पुन्हा तुडवायला लागायचं. हे त्याने तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. त्याची काळजी वेगळी होती. झोपडीच्या बाजूलाच सोलरच्या लोखंडी चौकटी उभ्या आहेत, आणि तिथून कित्येक किलोमीटरपर्यंत दुसरं उंच काही नाही.

नात दारात उभी राहून ऐकत होती. तिने हळूच मला विचारलं, "त्यांच्याकडे गाडी आहे का, आत बसायला?"

रात्री साडेदहाला त्याचा फोन लागला. बोलणं कच्छी-गुजराती मिश्र, मला अर्धंच कळलं, पण पलीकडून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा तो पहिल्यांदा हसला. सगळे ठीक होते. एक सोलरचा पत्रा वाऱ्याने उलटला होता.

सोमवारी आभाळ बरंच निवळलं. आम्ही धोरडोचा नाद सोडला. पैसे गेले ते गेले. उत्तरेकडे वळून बहुचराजीला गेलो, देऊळ अठराव्या शतकात मानाजीराव गायकवाडांनी उभारलेलं, बडोद्याच्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटतं. पुढे मोढेऱ्याचं सूर्यमंदिर, आणि संध्याकाळपर्यंत बडोद्यात. नातीने मोढेऱ्याच्या कुंडाच्या पायऱ्या मोजल्या, मोजायची सवयच लागलीय तिला.

तुमच्यापैकी बरेच जण या हिवाळ्यात तिकडे जाणार, फोन येताहेत. जरूर जा. छोट्या रणात शिरायला वनखात्याची परवानगी लागते आणि पांढऱ्या रणासाठी भिरंडियाऱ्याला परवाना काढावा लागतो, हे सगळेच सांगतील. मी एवढंच सांगते की निघायच्या आदल्या रात्री तापमानाच्या खालची ओळही वाचा, आणि रणाकाठच्या कुणाला तरी फोन करून जमीन कशी आहे ते विचारा. आभाळ साफ झालं म्हणजे रण वाळलं असं नसतं. आणि पैसे परत न मिळणारं बुकिंग शक्यतो करूच नका, त्याने माणसाची बुद्धी फिरते. आमची फिरलीच होती.

तंबू आमच्या गॅलरीत चार दिवस वाळत होते. शुक्रवारी दादाजींचा फोन आला. जीप अजून आत जात नाही, ट्रॅक्टर जातो. त्या मुलाच्या घरच्यांनी पुन्हा तुडवायला सुरुवात केली. त्याने आमच्यासाठी गेल्या मोसमातलं वडागरं मीठ दिलंय, मोठ्या खड्यांचं, पाच किलो. न्यायला या म्हणाले. संक्रांतीनंतर जायचं ठरतंय. मुलगा म्हणतो, तंबू इथेच राहू देत.